पाच डॉलर आणि एकसष्ट दिवस

प्रति,
अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या न्यायविषयक समित्यांचे सन्माननीय सदस्य,
वॉशिंग्टन डीसी

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीला पोस्टाने वेगळी पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहिते आहे. गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या जेवणाच्या रांगेत मी राज्यांच्या तुरुंगांतल्या कैद्यांना संघराज्याच्या (फेडरल) न्यायालयात दाद मागता येण्याचा विषय काढला, तेव्हा माझ्या ताटात मोदक वाढणारा एक चांगला, शिकलेला मुलगा म्हणाला, "काकू, आत गेलाय म्हणजे त्याने काहीतरी केलंच असेल ना." त्या रांगेतले निम्मे लोक इथले नागरिक आहेत, मतदार आहेत. तुम्हाला निवडून देणाऱ्यांत तेही आले. म्हणून तुमच्याशी बोलताना ते त्यांनाही ऐकू जावं अशी इच्छा आहे.

मी मूळची नागपूरची. १९९१ साली लग्न होऊन इथे आले, एका लहान गावाच्या सार्वजनिक वाचनालयात बावीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दर गुरुवारी राज्याच्या एका तुरुंगातल्या वाचनालयात विनामूल्य काम करायला जाऊ लागले. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे ते बंद झालं. मी वकील नाही. पण कायद्याची पुस्तकं लावणं, शोधून देणं, फाटलेली पानं चिकटवणं यात बरीच वर्षं गेली, आणि माणसं ती पुस्तकं कशी वाचतात हे मी जवळून पाहिलं आहे.

विषय आहे हेबियस कॉर्पसचा. आमच्या पिढीने हे शब्द प्रथम आणीबाणीत ऐकले. माझे मोठे काका मिसाखाली, म्हणजे स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, नागपूरच्या जेलमध्ये होते. त्या वेळी देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता, आणि २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक असा फिरवला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आमच्या घरात त्यांचं नाव आदराने घेतलं जायचं. वर्तमानपत्रं हेबियस कॉर्पसला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणायची. माणसाला न्यायाधीशापुढे उभं करा आणि कोणत्या अधिकाराने कोंडलंत ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ, असं काकांनी मला समजावलं होतं. अमेरिकेत आले तेव्हा वाटलं, हा हक्क इथे तर राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहून ठेवलेला आहे. इथे त्याची चिंता नाही.

तुमच्याच पूर्वसूरींनी, यादवी युद्ध संपल्यावर, ५ फेब्रुवारी १८६७ च्या कायद्याने हे दार राज्यांच्या कैद्यांसाठी उघडलं. राज्याच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत संघराज्याच्या घटनेचा भंग झाला असेल, तर कैद्याला फेडरल न्यायाधीशाकडे दाद मागता यावी, हा त्यामागचा विचार. आर्कान्साच्या एलेन गावच्या खटल्यात, बाहेर जमाव उभा असताना तासाभरात उरकलेल्या सुनावण्यांवर १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं, ते याच दारातून. आज राज्यांच्या तुरुंगांत दहा लाखांच्या घरात माणसं आहेत. त्यांच्यासाठी हे दार अजून आहे. अर्जाची फी फक्त पाच डॉलर आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी मात्र त्याची गत झाली आहे. ती कशी झाली, ते मी एका माणसावरून सांगते.

त्याचं नाव देत नाही. मी त्याला 'कोपऱ्यातल्या टेबलवाला' म्हणेन, कारण तो नेहमी तिथेच बसायचा, छतावरच्या दिव्याखाली. दरोडा आणि खून, जन्मठेप. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की त्या रात्री तो गोदामात जादा पाळीवर होता, हजेरीचं कार्ड होतं, मुकादम साक्ष द्यायला तयार होता, आणि सरकारने दिलेल्या वकिलाने मुकादमाला एक फोनही केला नाही. तो निर्दोष आहे का? मला माहीत नाही. तो खरं सांगत होता का, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ते कार्ड कुणीतरी बघावं, एवढी त्याची मागणी मला रास्त वाटत होती.

त्या वाचनालयात चार टेबलं, दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन. झेरॉक्सला पानामागे पैसे. माणशी आठवड्याला दोन तास, तेही हजेरीची मोजणी लांबली नाही, कुठे मारामारी झाली नाही आणि धुकं पडलं नाही तर. धुकं पडलं की तुरुंगात हालचाल बंद, हे मला आधी माहीत नव्हतं. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धुकं फार. भिंतीवर पाटी होती: स्वयंसेवकांनी कायद्याचा सल्ला देऊ नये. पुस्तक काढून द्यायचं, पान उघडून द्यायचं, त्यातली तारीख मात्र समजावून सांगायची नाही.

त्याच्याकडे गेल्या वर्षीची, मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा आखलेली दिनदर्शिका होती. तिच्यावर तो पेन्सिलने दिवस मोजायचा. सदस्यांनो, हा हिशेब तुम्ही स्वतः एकदा मांडून बघा. मी निवृत्त झाल्यावर निवांत बसून मांडला, तरी तीनदा चुकले. तुमच्या १९९६ च्या कायद्याने कैद्याला फेडरल कोर्टात यायला एक वर्ष दिलं. ते वर्ष मोजायचं राज्यातलं थेट अपील अंतिम झाल्यापासून. त्यात सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचे नव्वद दिवस धरायचे, म्हणजे वर्ष सुरू होतं ते त्या नव्वद दिवसांनंतर. मग तो राज्यातच फेरतपासणीचा अर्ज करतो, कारण राज्याकडे आधी दाद मागितल्याशिवाय फेडरल कोर्ट त्याला उभंच करत नाही. तो अर्ज चालू असताना वर्षाचं घड्याळ थांबतं. पण अर्ज करण्याआधी गेलेले दिवस गेलेलेच. या माणसाला त्याच सुमारास दुसऱ्या तुरुंगात हलवलं, आणि त्याच्या कागदांचं खोकं अकरा आठवड्यांनी आलं. ते अकरा आठवडेही गेले. अर्ज फेटाळला की घड्याळ पुन्हा चालू. आणि इथे तो चुकला. सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचे नव्वद दिवस पहिल्या वेळी धरतात, तर दुसऱ्या वेळीही धरतील, असं त्याने गृहीत धरलं. कोणीही धरेल. पण २००७ साली लॉरेन्स विरुद्ध फ्लोरिडा या निकालात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, की दुसऱ्या वेळी धरायचे नाहीत. तिथे चूक कैद्याची नव्हती, वकिलाची होती. नऊ न्यायमूर्तींपैकी चौघांना जो अर्थ योग्य वाटला, तोच त्या वकिलाने लावला होता.

कोपऱ्यातल्या टेबलवाल्याने अर्ज हाताने लिहिला, पाच डॉलर तुरुंगातल्या खात्यातून वळते केले आणि लिफाफा रखवालदाराच्या हाती दिला. त्याच्या हिशेबाने २९ दिवस आधी. कायद्याच्या हिशेबाने ६१ दिवस उशिरा.

सहा पानांचा आदेश आला. सहाही पानं तारखांवर. हजेरीच्या कार्डाबद्दल एक ओळ नाही. तुरुंग बदलणं, वाचनालय बंद असणं, कागद न मिळणं हे तुरुंगवासाचे नेहमीचेच भाग आहेत, असं त्यात लिहिलं होतं. वरच्या कोर्टात जायला परवानगी लागते. ती एका परिच्छेदात नाकारली गेली. तो आदेश मला वाचायला देताना तो काही बोलला नाही. "याच्या दोन प्रती हव्यात," एवढंच म्हणाला.

त्याच्या दिनदर्शिकेवरचं ते नव्वदाचं वर्तुळ मी कितीतरी गुरुवार पाहिलं होतं. तेव्हा मला लॉरेन्सचा निकाल माहीत नव्हता. माहीत असता, तरी पाटी होती. ही माझी बोच आहे आणि या पत्राचं कारणही तीच आहे.

आता तक्रारी. कोणावर आवाज चढवायचा नाही, असं ठरवून लिहिते आहे.

पहिली तक्रार घड्याळाची, ती वर सांगितलीच. त्यात एक भर घालते. राज्यातला अर्ज चालू असताना घड्याळ थांबतं म्हटलं, पण तो अर्ज 'रीतसर दाखल' असला तरच. २००५ च्या पेस विरुद्ध डिगुग्लिएल्मो निकालाने असं ठरवलं, की राज्याच्या न्यायालयाने शेवटी तो अर्ज उशिरा आला असं म्हटलं, तर तो रीतसर नव्हताच, आणि घड्याळ कधी थांबलंच नव्हतं. म्हणजे माणूस दोन-तीन वर्षं राज्याच्या कोर्टात थांबतो, आपलं घड्याळ बंद आहे असं समजून, आणि निकालाच्या दिवशी त्याला कळतं की ते आतल्या आत चालू होतं. न्यायमूर्तींनी यावर तोडगा सुचवला तो असा: शंका असेल तर आधीच फेडरल कोर्टात अर्ज करून ठेवावा आणि तो स्थगित ठेवायला सांगावं. हा सल्ला चांगला आहे. तो आठवी-नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला, धुकं नसलेल्या गुरुवारी, दोन तासांत, कोणी सांगायचा?

दुसरी तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते. पहिल्या अपिलानंतर या माणसांना वकिलाचा घटनात्मक हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं आहे. फाशीच्या कैद्यांना फेडरल कोर्टात तुमच्याच कायद्याने वकील मिळतो. जन्मठेपवाल्याला, साठ वर्षं शिक्षा झालेल्याला मिळेल याची खात्री नाही, ते न्यायाधीशाच्या मर्जीवर. ज्याला वकील देत नाही, त्याच्याकडून तुम्ही वकिलाहून जास्त अचूकपणा मागता. आणि ज्याला वकील मिळतो, त्याच्या वकिलाची चूक त्याच्याच माथी. १९९१ चा कोलमन विरुद्ध थॉम्पसन निकाल बघा. व्हर्जिनियातला फाशीचा कैदी. त्याच्या वकिलांनी राज्यात अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली, म्हणून फेडरल कोर्टाने त्याचे मुद्दे ऐकलेच नाहीत. बहुमताच्या निकालपत्राचं पहिलंच वाक्य असं, की हे प्रकरण संघराज्य पद्धतीचं आहे. माणसाच्या जिवाचा उल्लेख त्या वाक्यात नाही. मे १९९२ मध्ये त्याला मारण्यात आलं.

इथे एक गोष्ट लपवली तर मी अप्रामाणिक ठरेन. २००६ च्या जानेवारीत, त्या वेळच्या गव्हर्नरांच्या आदेशावरून झालेल्या डीएनए चाचणीत रॉजर कोलमनच गुन्हेगार होता हे निघालं. बरीच वर्षं त्याला निर्दोष मानणारे लोक त्या दिवशी गप्प झाले. माझ्या मुलाने मला हे सांगितलं ते जरा विजयी सुरातच. मी त्याला विचारलं, हे १९९२ मध्ये कोणाला माहीत होतं? दार बंद झालं ते तीन दिवसांच्या हिशेबावर. डीएनएचा निकाल यायला मग चौदा वर्षं लागली. कोण गुन्हेगार आणि कोण नाही, हे दिनदर्शिकेला कळत नाही. कोलमनच्या वेळी ती चुकली नाही, हा योगायोग.

तिसरी. २००७ चा बाउल्स विरुद्ध रसेल. ओहायोचा कैदी. अपील करायला कायद्याप्रमाणे चौदा दिवस होते. न्यायाधीशाने आदेशात चुकून सतरा दिवसांची तारीख लिहिली. वकिलाने त्या तारखेवर विश्वास ठेवला आणि सोळाव्या दिवशी अपील दाखल केलं. पाच विरुद्ध चार मतांनी बाद. न्यायव्यवस्थेने माणसांना असं वागवणं असह्य आहे, असं न्यायमूर्ती सूटर यांनी विरोधी मतात लिहिलं. यावर मी काय बोलू? कोर्टाने दिलेली तारीख पाळली म्हणून कोर्टाने शिक्षा केली, हे मी मंडळात सांगितलं तेव्हा लोकांना मी काहीतरी चुकीचं वाचलंय असं वाटलं.

चौथी तक्रार ॲरिझोनाची. बॅरी जोन्स, चार वर्षांच्या मुलीच्या १९९४ मधल्या मृत्यूबद्दल फाशीची शिक्षा. खटल्यातल्या वकिलाने वैद्यकीय पुराव्याची नीट तपासणी केली नाही. नंतर राज्याने फेरतपासणीसाठी दिलेल्या वकिलाने हा मुद्दाच मांडला नाही. फेडरल न्यायाधीशाने सात दिवस सुनावणी घेतली, डॉक्टरांच्या साक्षी ऐकल्या आणि २०१८ मध्ये सांगितलं, की नीट वकिली झाली असती तर वेगळा निकाल लागण्याची वाजवी शक्यता होती. नवा खटला चालवा नाहीतर सोडा. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे उलटवलं. त्या सात दिवसांतला पुरावा खोटा होता म्हणून नव्हे. तो पुरावा राज्याच्या कोर्टात यायला हवा होता, आला नाही, तो का आला नाही तर वकिलाने आणला नाही, आणि वकिलाची हयगय म्हणजे कैद्याची हयगय. म्हणून फेडरल न्यायाधीशाने त्याकडे बघायचंच नाही. वाईट वकील दिला ही ज्याची तक्रार, त्याला उत्तर असं, की तुझ्या दुसऱ्या वाईट वकिलाने पहिल्याची तक्रार वेळेत का केली नाही! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

पुढच्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, ॲरिझोना राज्याने स्वतःच जोन्सशी समझोता केला. मुलीला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही एवढ्यापुरता कमी दर्जाचा गुन्हा त्याने कबूल केला, जेवढी शिक्षा होती तेवढी भोगून झालेलीच होती, आणि तो बाहेर आला. सरकारी वकिलांना जे पटलं, ते बघण्याची मुभा न्यायाधीशाला मात्र नव्हती. आणि लक्षात घ्या, हा निकाल घटनेच्या अर्थावर नाही. तो तुमच्या १९९६ च्या कायद्यातल्या एका पोटकलमाच्या अर्थावर आहे. म्हणजे तो बदलणं तुमच्या हाती आहे, न्यायालयाकडे बोट दाखवून चालणार नाही.

पाचवी थोडक्यात. वेळेत पोचलेल्या माणसालाही तुमचा कायदा विचारतो, की राज्याच्या न्यायालयाची चूक नुसती चूक आहे की तर्काला सोडून आहे? नुसती चूक असेल तर चालते. २०११ च्या हॅरिंग्टन विरुद्ध रिक्टर निकालात तर राज्याच्या न्यायालयाने एका ओळीत, कारण न देता अर्ज फेटाळला असेल, तरी फेडरल न्यायाधीशाने त्यामागे काय कारण असू शकलं असतं ते स्वतः शोधून त्याचा मान राखायचा, असं ठरलं. ही कसोटी अवघड वाटत असेल तर ती अवघड असावी म्हणूनच केली आहे, असंही त्यात म्हटलं आहे. वाचनालयात आयुष्य गेलेल्या बाईला एवढं कळतं, की न लिहिलेलं पान वाचायला सांगता येत नाही.

याचा परिणाम काय, तर व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि राज्य न्यायालयांच्या राष्ट्रीय केंद्राने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २००३ आणि २००४ मधले, फाशी नसलेले २,३८४ अर्ज तपासले. दाद मिळाली सात जणांना. बाकीचे सगळे खोटारडे होते असं मी म्हणत नाही. बहुतेक अर्जांत दम नसतो, मी पुष्कळ वाचले आहेत, काहींत तर नुसती चीड असते. पण सात?

आता तुमची बाजू, कारण ती मी ऐकली आहे. तुम्ही म्हणता, बळी गेलेल्यांच्या घरच्यांना कधीतरी शेवट मिळायला हवा. खरं आहे. आमच्या शेजारच्या गल्लीत एक बाई आहेत, त्यांच्या भावाचा खून झाला होता. दर नव्या अर्जाबरोबर त्यांच्या घरी पत्र येतं आणि त्या दोन दिवस जेवत नाहीत. त्यांना हे पत्र मी आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चुकीचा माणूस आत असेल तर माझा शेवट कसला?" आणि मग असंही म्हणाल्या, की हे सगळं लवकर करा, वीस वर्षं लावू नका. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या आणि मला दोन्ही पटल्या. पहिल्याच फेरीत नीट वकील आणि नीट सुनावणी दिली तर वीस वर्षं लागत नाहीत. वर्षं जातात ती तारखांवर भांडण्यात.

आणि १९९६ चा हा कायदा दहशतवादाविरुद्ध होता, हेही मला सांगितलं जातं. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं मारली गेली. देश हादरलेला असताना वर्षभराने सिनेटने ९१ विरुद्ध ८ आणि प्रतिनिधीगृहाने २९३ विरुद्ध १३३ मतांनी विधेयक मंजूर केलं, २४ एप्रिल १९९६ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. पण तो स्फोट घडवणाऱ्यावर खटला फेडरल कोर्टातच चालला. कोणत्याही राज्याच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेचा त्यात संबंध नव्हता. गोदामातल्या जादा पाळीचा तर नव्हताच. सही झाल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, २४ जून १९९६ ला, ॲरिझोनाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या कायद्याच्या वाचनालयांवरचा हक्कही आकसून टाकला. एका हाताने मुदत घातली आणि दुसऱ्या हाताने पुस्तकं मागे घेतली, असे ते उन्हाळ्याचे दिवस होते. ही शेवटची टिप्पणी ग्रंथपालाची, ती माफ करा.

मोदकवाल्या मुलाला मी काय उत्तर दिलं तेही लिहिते. त्याला म्हटलं, आपल्या मुंबईत कसाबला जिवंत पकडलं, सगळ्या जगाने त्याला बंदूक घेऊन फिरताना पाहिलं, तरी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत सरकारी खर्चाने वकील मिळाला. तेव्हा आपण चिडलो होतो. आज त्याचा अभिमान वाटतो की नाही? आणि १९७८ चं होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य त्याला सांगितलं. कैदी म्हणाला, उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत मला जेलमध्ये मिळालीच नाही, म्हणून उशीर झाला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलं, की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळालीच पाहिजे आणि गरीब असेल तर अपिलासाठी वकीलही. होस्कोट यांची याचिका शेवटी फेटाळलीच गेली, पण उशीर झाला एवढ्यावर नाही, मुद्दा ऐकून. आपल्याकडे कोर्टकचेरीत काय काय होतं ते मला ठाऊक आहे, उगाच आरती ओवाळत नाही. खटला न चालता वर्षानुवर्षं आत असलेली माणसं आपल्याकडे आहेत. पण विलंब माफीचा अर्ज नावाची गोष्ट आपल्या तालुक्याच्या वकिलालाही पाठ असते. इथे तिची जागा घेणारं जे काही आहे ते अल्बर्ट हॉलंडसारख्याला मिळालं. त्याने वकिलाला पत्रामागून पत्र लिहून मुदत काय ती बरोबर सांगितली होती, वकील चुकला, आणि तुरुंगाच्या वाचनालयात काम करताना हॉलंडला स्वतःलाच कळलं की निकाल पाच आठवड्यांपूर्वीच लागला आहे. दुसऱ्या दिवशी त्याने हाताने अर्ज लिहून पाठवला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीत सूट मिळू शकते असं म्हटलं, ते इतकं सगळं घडल्यावर. सगळेच हॉलंड नसतात.

माझ्या मागण्या:

एक, एका वर्षाची मुदत तीन वर्षं करा, आणि ती कैद्याच्या हाती निकालाची प्रत व त्याच्या खटल्याचे कागद पडल्याच्या दिवसापासून मोजा. तुरुंग बदलल्यामुळे कागद नसतील ते दिवस वगळा. राज्यातला अर्ज उशिराचा ठरला तरी तो प्रामाणिकपणे केला असेल तर तेही दिवस वगळा.

दोन, दहा वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या प्रत्येक गरीब कैद्याला पहिल्या फेडरल अर्जासाठी वकील द्या. मुदत संपत आल्यावर उपयोग नाही, ती सुरू होतानाच द्या. यावर खर्च होईल. तो सांगा, कर भरणारी म्हणून मी ऐकायला तयार आहे.

तीन, वकिलाची हयगय ही कैद्याची हयगय नव्हे, असं पुराव्याच्या पोटकलमात स्पष्ट लिहा, म्हणजे २०२२ चा निकाल पुढे लागू राहणार नाही.

चार, न्यायालयाने स्वतः चुकीची तारीख दिली असेल तर ती तारीख पाळणाऱ्याचं अपील दाखल करून घ्या. यासाठी एक वाक्य पुरेल.

पाच, राज्याच्या न्यायालयाने कारणं दिली नसतील, तर फेडरल न्यायाधीशाने प्रकरण कोऱ्या नजरेने तपासावं.

आणि सहावी मागणी लहान आहे, ती कायद्यात बसेल की नियमांत, मला माहीत नाही. तुरुंगातल्या वाचनालयात काम करणाऱ्याला निदान तारीख सांगण्याची मुभा द्या. औषध देऊ नका, पण बाटलीवरची तारीख वाचून दाखवा, एवढीच.

गेल्या वर्षी हेच मुद्दे मी एका पानात आमच्या प्रतिनिधींच्या कचेरीला पाठवले होते. गुन्हेगारी न्यायाबद्दल आपली मतं कळवल्याबद्दल आभार, असं छापील उत्तर आलं. खाली सहीचा शिक्का होता. या वेळी मला प्रत्येक मागणीपुढे हो किंवा नाही हवं आहे. नाही असेल तर का, हेही. आलेली उत्तरं मी मंडळाच्या अंकात जशीच्या तशी मराठीत छापणार आहे, संपादकांनी दोन पानं राखून ठेवली आहेत.

कोपऱ्यातल्या टेबलवाल्याची मला अजून वर्षातून दोन पत्रं येतात. मुकादम वारला, असं मागच्या पत्रात होतं. हजेरीच्या कार्डाची झेरॉक्स त्याच्याकडे आहे, मूळ कार्ड कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मूळची नागपूरची, आता तुमची मतदार